मिनेरिया (श्रीलंका) – रानहत्तींचे कळप बघायला जाणाऱ्यांसाठी

केतकी_वाई

गेल्या ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं श्रीलंकेला जाऊन आलो, मी, नवरा, नऊ वर्षांचा लेक आणि माझी आई. कँडी, सिगिरिया, दांबुल्ला सगळं झालं पण त्यावर लिहिणारे भरपूर आहेत, मला फक्त एका संध्याकाळबद्दल लिहायचंय, मिनेरियाची. जायच्या आधी मी खूप शोधलं होतं आणि मराठीत फारसं काही सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कोणाला तरी उपयोग होईल.

मिनेरिया राष्ट्रीय उद्यान अगदी लहान आहे, साधारण ८९ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानापेक्षाही लहान. १९३८ पासून अभयारण्य होतं आणि १९९७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. मधोमध एक प्रचंड तलाव आहे, तो महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या शेवटी बांधला. सिंहलीत तलावाला वेवा म्हणतात. बांध जवळजवळ दोन किलोमीटर लांब आणि चाळीसेक फूट उंच, आणि सतराशे वर्षांनी अजून त्याच्या पाण्यावर भातशेती होतेय! या राजाने असे सोळा तलाव बांधले म्हणतात. तिथले लोक त्याला मिनेरीचा देव म्हणून पुजतात, आमच्या ड्रायव्हरने तलाव दिसल्याबरोबर हात जोडले तेव्हा मला आधी वाटलं हत्तीला जोडतोय, मग त्याने सांगितलं राजाला.

आता हत्ती इथे का जमतात ते. हा भाग श्रीलंकेचा कोरडा पट्टा आहे. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत, ईशान्य मोसमीचा. मे-जूनपासून पाणी आटत जातं, त्यात खालच्या भाताला तलावातून पाणी सोडतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टपर्यंत तलाव मागे सरकतो आणि मागे जी ओली जमीन उघडी पडते तिच्यावर कोवळं हिरवं गवत येतं. आजूबाजूचं सगळं जंगल तेव्हा वाळून करकरीत झालेलं असतं. मग लांबलांबचे कळप या गवताला आणि पाण्याला येतात, चांगल्या वर्षी एका वेळी दोनशे-तीनशे हत्ती. आशियाई हत्तींचा एवढा मोठा जमाव जगात दुसरीकडे कुठे होत नाही असं सगळे सांगतात. ऑगस्ट-सप्टेंबर सगळ्यात चांगला.

हे सगळं मी वाचून पाठ करून गेले होते, पण आईला यायचंच नव्हतं. आईचं माहेर आजऱ्याजवळ. तिथे गेली वीसेक वर्षं हत्ती येतायत. माझ्या मामाचा ऊस दोनदा आडवा झालाय, एकदा मोटारीची पाइपलाइन तुडवली, आणि एका रात्री तर गोठ्यामागे येऊन उभा होता, मामी आणि मुलं पहाटेपर्यंत माळ्यावर बसून होती. त्यामुळे आई म्हणाली, "आमच्या उसात फुकट येतो की, पैसे देऊन कशाला बघायचा?" आणि ती हे चिडून नाही, अगदी शांतपणे म्हणाली. हॉटेलवर एकटी कंटाळशील असं म्हणून शेवटी तयार केलं.

हबरणा नावाचं चौकाचं गाव आहे तिथून जीप घेतली, दुपारी अडीचला निघालो. आणि इथे आमची पहिली चूक झाली. आम्ही जीप आधीच ऑनलाइन बुक केली होती, कोणाकडून ते लिहीत नाही, त्याचं काही कारण नाही. गेटातून आत गेल्यावर वीसेक मिनिटांत पहिला कळप दिसला, आठ-नऊ हत्तिणी आणि दोन पिल्लं, आणि आमच्या जीपवाल्याने गाडी थेट त्यांच्या वाटेत नेऊन घातली. बाकीच्या पाच-सहा जीप पण तेच करत होत्या. एक हत्तीण थांबली, कान पसरले, सोंड वर केली, पिल्लं झटकन तिच्या पोटाखाली गेली आणि बाकीच्या दोघी येऊन बाजूने उभ्या राहिल्या, पिल्लांभोवती भिंत करून. सगळे टुरिस्ट फोटो काढतायत, हसतायत. माझ्या पोटात गोळा आला. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ती म्हणाली, "केतकी, त्या घाबरल्यात. असंच आमच्याकडे गाव बॅटऱ्या घेऊन मागे लागतं तेव्हा उभे राहतात."

मी त्या जीपवाल्याला सांगितलं की गाडी मागे घ्या, आम्हाला जवळ जायचंच नाही, लांब कुठेतरी उंचावर उभी करा आणि इंजिन बंद करा. त्याला आधी कळलंच नाही, त्याला वाटलं आम्ही नाराज आहोत आणि टीप मिळणार नाही. नवऱ्याने समजावलं की उलट हेच केलंत तर जास्त देऊ. मग त्याचा चेहरा खुलला. त्याने एका मोठ्या कुंबुक झाडाखाली गाडी लावली, तलाव समोर, मध्ये सगळं गवताळ माळ. आणि तिथे आम्ही पावणेदोन तास बसलो, जागचे हललो नाही.

त्यानंतर जे बघितलं ते लिहिण्यासाठीच खरं तर हा धागा काढलाय.

जंगलाच्या कडेने हत्ती एकेक, दोन-दोन, मग कळपच्या कळप बाहेर यायला लागले. आवाज नाही काही. एवढी मोठी जनावरं आणि पावलांचा आवाज नाही. लेकाने मोजायला सुरुवात केली, बहात्तरपर्यंत मोजले आणि मग कळप एकमेकांत मिसळले तेव्हा सोडून दिलं. एक कळप आमच्यापासून चाळीसेक मीटरवर येऊन चरायला लागला, स्वतःहून, आम्ही कुठेच गेलो नव्हतो. तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं हत्ती आखूड गवत कसं खातो ते. गवत इतकं बुटकं की सोंडेने उपटता येत नाही. मग पुढच्या पायाच्या नखांनी जमीन खरवडायची, पाय दोन-तीनदा पुढे-मागे घासला की गवत मुळासकट सुटतं, सोंडेच्या टोकाने ते गोळा करून त्याची जुडी करायची, जुडी गुडघ्यावर दोनदा आपटायची, माती झडते, आणि मग तोंडात. परत पाय. परत जुडी. सगळं एका लयीत, शेजारशेजारच्या तिघींचं वेगवेगळ्या लयीत. आई एकटक बघत होती आणि एकदम म्हणाली, "अगं, भुईमूग उपटल्यावर आपण वेल झटकतो तसं करतंय की ते."

आणि पिल्लू! पाचसहा महिन्यांचं असेल. त्याने आईचं बघून पाय घासला, गवताच्या दोन काड्या सुटल्या, त्या उचलायला सोंड टाकली तर सोंड भलतीकडेच गेली, मग स्वतःच्याच सोंडेवर पाय पडला, मग ते सरळ गुडघे टेकून तोंडानेच काड्या उचलायला लागलं. शेवटी आईच्या तोंडातली जुडी ओढून घेतली त्याने आणि तिने दिली.

सूर्य खाली गेला तसे दोन नर आले, एकाच्या कानशिलाजवळून काळपट ओघळ, मद गळत होता. त्याला बाकीचे वाट देत होते. सहाला गेट बंद होतं म्हणून निघावं लागलं, नाहीतर आईच उठली नसती.

तर सांगायचं म्हणजे जीप ठरवतानाच स्पष्ट बोला, जवळ नको, पाठलाग नको, एका जागी थांबायचं, इंजिन बंद. तुम्ही मागितलंत तर ते करतात. कोणी मागत नाही म्हणून ते करत नाहीत.

रानफूल

केतकी किती सुंदर लिहिलंयस, भुईमुगाचं वाचून मला आमच्या शेतातलं आठवलं. आम्ही पुढच्या वर्षी जुलै शेवट किंवा ऑगस्टमध्ये जायचं म्हणतोय, दोन मुलं आहेत, ५ आणि ११. काही प्रश्न: मुंबईहून कसं गेलात, हबरणाला राहायचं की सिगिरियाला, आणि पाच वर्षांचं मूल जीपमध्ये तीन तास बसेल का? तिकीट महाग आहे का?

केतकी_वाई

थँक्यू रानफूल. मुंबईहून कोलंबो थेट विमान आहे, अडीच तासांचं. विमानतळावरून हबरणाला चार-साडेचार तास लागतात रस्त्याने, एका दिवसात मुंबई ते हबरणा होतं पण मुलांबरोबर मध्ये एक रात्र थांबा. सिगिरिया हबरणापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे कुठेही राहिलात तरी चालतं. आम्ही सकाळी लवकर सिगिरिया चढून आलो, दुपारी जेवून थोडं झोपून मग सफारी, हे जमतं.

उद्यानाचं तिकीट परदेशी लोकांसाठी डॉलरमध्ये लावलेलं असतं आणि त्यावर ग्रुपमागे सर्व्हिस चार्ज, गाडीचा चार्ज, कर असं चढत जातं, जीपचं भाडं वेगळं. त्यामुळे गेटवर बिल बघून दचकायला होतं. पण बरेच चार्ज ग्रुपमागे असल्यामुळे चार-पाच जण एका जीपमध्ये असतील तर माणशी बरंच कमी पडतं.

पाच वर्षांचं मूल: धूळ प्रचंड, ऊन पण. ओढणी, टोपी, पाणी, खायला कोरडं काहीतरी. आणि त्याला आधीच सांगून ठेवा की गाडीतून उतरायचं नाही आणि ओरडायचं नाही. माझ्या लेकाला दुर्बीण दिली होती, ती हातात असली की मुलं गप्प बसतात, स्वस्तातली चालेल.

कोलंबोकर

मी नोकरीनिमित्त सात वर्षं कोलंबोत आहे आणि मिनेरियाला आठ-नऊदा तरी गेलोय. केतकीताईंनी लिहिलंय ते अगदी बरोबर आहे पण एक गोष्ट त्यात यायला हवी, नाहीतर लोक तीनशे हत्तींच्या अपेक्षेने जातील आणि निराश होतील.

मिनेरियाला पाणी अंबन गंगा नदीवरून येतं, कालव्याने. त्याच नदीवर वर मोरगहकंद नावाचं मोठं धरण झालं, २०१८ मध्ये सुरू झालं. ते झाल्यापासून ऐन कोरड्या दिवसांत पण वरून पाणी सोडलं जातं आणि मिनेरिया भरलेलाच राहतो. तलाव आटलाच नाही तर गवताची जमीन उघडी कशी पडणार? ती पाण्याखालीच राहते. त्यामुळे गेल्या काही वर्षांत मिनेरियातला जमाव खूप कमी झालाय, काही वर्षी तर ऑगस्टमध्ये मी गेलो आणि जिथे आधी गवत असायचं तिथे चक्क लाटा होत्या. हत्ती काठावरच्या झुडपांत, अंगावर हाडं दिसणारे. ते बघून फार वाईट वाटलं होतं.

शेतकऱ्यांना पाणी हवंय हे खरंच आहे, त्यांना दोष नाही. वन्यजीववाल्यांची मागणी एवढीच आहे की जुलै ते सप्टेंबर पाणी एका पातळीखाली राहू द्या. महासेनाचा तलाव सतराशे वर्षं भरतो आणि आटतो, हत्तींचं सगळं वर्ष त्या आटण्यावर बसलेलं आहे.

म्हणून जाणाऱ्यांनी एकच उद्यान आधीपासून फिक्स करू नका. शेजारीच कावडुल्ला राष्ट्रीय उद्यान आहे, ते अजून लहान, ६९ चौरस किलोमीटर, २००२ मध्ये झालं, आणि तो तलाव पण महासेनानेच बांधलेला. मग हुरुलू इको पार्क आहे. हत्तींना या हद्दी माहीत नाहीत, ते गवत आणि पाणी बघून या तिन्हीत फिरतात. हबरणाच्या जीपवाल्यांना रोजच्या रोज कळतं आज कळप कुठे आहेत. दुपारी एक वाजता चौकात जाऊन विचारा आणि मग तिकीट काढा. ऑनलाइन आधी बुक केलं की ते तुम्हाला बुकिंग आहे त्याच उद्यानात नेतात, हत्ती असोत नसोत.

केतकी_वाई

कोलंबोकर, हे फार महत्त्वाचं आहे, धन्यवाद. आमचा ड्रायव्हर पण म्हणत होता की त्याच्या लहानपणी तीनशे असायचे, आता सत्तर दिसले की तो खूश होतो. तेव्हा मला वाटलं होतं सगळे म्हातारे म्हणतात तसंच असेल. कारण आता कळलं.

निवृत्त_मास्तर

छान माहिती. एक शंका, फोटोंमध्ये मी श्रीलंकेचे हत्ती बघतो त्यात बहुतेकांना सुळे नसतात. सगळ्या हत्तिणीच असतात की काय? आणि गुडघेदुखीवाल्या माणसाला जीपमध्ये चढता येतं का, वय ७१.

कोलंबोकर

मास्तर, नमस्कार. चांगला प्रश्न विचारलात. श्रीलंकेत नरांपैकीही फार थोड्यांना सुळे असतात, शंभरात जेमतेम पाच-सात. बाकी नर बिनसुळ्यांचे, ज्यांना आपल्याकडे मखना म्हणतात. दक्षिण भारतात उलटं आहे, बहुतेक नर सुळेवाले. सिंहलीत तर शब्दच वेगळे आहेत, बिनसुळ्याचा तो अलिया आणि सुळेवाला तो ऐता. सुळेवाला दिसला की सगळ्या जीपवाल्यांचे फोन वाजतात आणि त्या बिचाऱ्याभोवती तीसेक गाड्या जमतात, त्या घोळक्यात जाऊ नका. नर ओळखायचा तर डोकं बघा, जास्त रुंद आणि सोंडेच्या मुळाशी फुगीर असतं, आणि बहुतेक वेळा एकटा किंवा दोघं-तिघं. कळप म्हणजे आजी, मावश्या, बहिणी आणि पिल्लं. वयात आलेला नर कळप सोडतो.

जीपला मागून पायऱ्या असतात पण पहिली पायरी उंच आहे. एक प्लास्टिकचं स्टूल मागा, बहुतेकांकडे असतं. आणि पुढच्या रांगेत बसा, मागे धक्के फार बसतात.

तिलारीकर

मी दोडामार्गचा. हा धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो.

केतकीताई, तुमच्या आईंचं वाक्य वाचून थांबलो. आमच्याकडे २००२ च्या सुमाराला कर्नाटकातून पहिल्यांदा हत्ती उतरले तेव्हा मी कॉलेजात होतो. माझ्या आजीने शेताच्या बांधावर उठलेल्या पावलावर हळदकुंकू वाहिलं होतं, गणपती इलो म्हणून. पाऊल परातीएवढं होतं. पुढे त्याच बांधावरची माझी केळीची बाग तीन रात्रींत गेली, सव्वादोनशे झाडं. हत्ती केळ खात नाही हो नुसती, खोड चिरून आतला गाभा खातो, झाड राहतच नाही. माड पाडतो, वरची पोय खातो. पंधरा वर्षं वाढवलेला माड, आणि त्याला एक रात्र पुरते. आजी गेली तेव्हापर्यंत तिने हात जोडणं सोडलं नाही, पण रात्री दाराला आडणा घालून बसायची.

तुम्ही लोक डॉलर देऊन हत्ती बघता त्याचा मला राग नाही. पण ज्याच्या बागेत तो येतो त्याचा पण विचार कोणीतरी करावा असं वाटतं. मिनेरियाच्या आजूबाजूला पण शेती असेलच ना? तिथले शेतकरी काय करतात? त्यांना या सफारीच्या पैशातलं काही मिळतं का?

कोलंबोकर

तिलारीकर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. इथलं चित्र आपल्यापेक्षा खूप भयंकर आहे. एवढंसं बेट आणि २०११ च्या मोजणीत जवळजवळ पाच हजार नऊशे हत्ती. त्यातले बरेचसे अभयारण्यांच्या बाहेर, माणसांच्या बरोबरीने राहतात. २०२३ मध्ये एका वर्षात साडेचारशेच्या वर हत्ती मेले आणि दीडशेच्या वर माणसं. हत्ती गोळीने, विजेच्या तारेने, रेल्वेखाली, आणि एक प्रकार तर फार वाईट, भोपळ्यात वगैरे स्फोटकं लपवून ठेवतात, हत्तीने चावलं की जबडा फुटतो आणि मग तो आठवडाभर उपाशी तडफडून मरतो. हे रानडुकरांसाठी ठेवलेलं पिल्लांनी खाल्लं असंही होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत तर हबरणाजवळच रात्रीची प्रवासी गाडी कळपावर गेली, सहा हत्ती मेले, गाडी रुळावरून घसरली.

शेतकऱ्यांना सफारीतून थेट फारसं मिळत नाही, जीपवाले आणि गेस्टहाऊसवाले यांनाच मिळतं. पण एक गोष्ट इथे बरी चाललीय ती तुम्हाला सांगतो. पृथ्वीराज फर्नांडो म्हणून इथले हत्तीतज्ज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं असं की जंगलाभोवती विजेचं कुंपण घालून उपयोग नाही, कारण कुंपणाच्या दोन्ही बाजूंना हत्ती असतातच आणि जंगलात कुंपणाची काळजी घ्यायला कोणी नसतं. त्याऐवजी कुंपण गावाभोवती घाला, आणि भाताभोवती हंगामापुरतं घाला. गावाभोवतीचं गावानेच सांभाळायचं, शेताभोवतीचं शेतकऱ्यांनी, पेरणीला उभं करायचं आणि कापणी झाली की काढून टाकायचं. मग हत्ती येऊन धसकटं खातो, त्याचं पण पोट भरतं, शेतकऱ्याचं काही जात नाही. सौर कुंपण, झटका बसतो पण जीव जात नाही. मी अशी दोन-तीन गावं बघितलीयत, तिथल्या लोकांचं म्हणणं होतं की हे टिकतं कारण तार तुटली तर रात्री आपलंच भात जातं, म्हणून रोज संध्याकाळी कोणीतरी फेरी मारतो.

तिलारीकर

हे भातापुरतं पटतं. माझी बाग आहे, माड आणि सुपारी बारमाही उभे, कापणी म्हणून काही नाही. पण वाडीभोवती कुंपण आणि वाडीने सांभाळायचं हे करून बघण्यासारखं आहे. आमच्याकडे चर खणले होते, पहिल्या दोन पावसाळ्यांत भरून गेले, आमचा पाऊस म्हणजे तुम्हाला माहीत आहे.

मुग्धबलाक

मी पक्षी बघायला गेले होते मिनेरियाला, हत्ती बोनस म्हणून मिळाले! केतकी, तू ज्या झाडाखाली थांबलीस ते कुंबुक म्हणजे आपला अर्जुन. तलावाकाठी पांढऱ्या खोडाचे जुनेजुने अर्जुन आहेत तिथे. आणि जंगलात पालू म्हणून झाड दाखवतात ती आपली खिरणी, पिवळी फळं. अस्वलांना ती भारी आवडतात पण मिनेरियात अस्वल दिसणं कठीण.

पक्ष्यांसाठी पण तलाव मागे गेलेला असतानाच जायचं. उथळ पाण्यात मासे अडकतात, चित्रबलाक, मुग्धबलाक, झोळीवाले बाक, पाणकावळ्यांचे तर हजारोंचे थवे, सगळे एकाच वेळी पाण्यावर उतरले की पाणी काळं दिसतं. हत्तींच्या पायाशी गायबगळे चालत असतात, पाय घासला की किडे उडतात ते टिपतात. केतकीने लिहिलेलं ते पाय घासणं मी बगळ्यांकडून बघितलं होतं, हत्तीच्या तोंडाकडे माझं लक्षच गेलं नाही! परत जायला हवं.

रानफूल

अजून एक विचारते. पिन्नावालाचं हत्ती अनाथालय सगळ्या पॅकेजमध्ये असतं, ते करावं का? मुलांना हत्ती जवळून दिसतील.

केतकी_वाई

आम्ही नाही केलं. पिन्नावाला १९७५ मध्ये अनाथ पिल्लांसाठी सुरू झालं, हेतू चांगलाच होता, पण तिथले हत्ती कायम तिथेच राहतात, जंगलात परत जात नाहीत. मला साखळीतला हत्ती लेकाला दाखवायचा नव्हता. हे माझं मत, कोणाला पटेल न पटेल.

कोलंबोकर

रानफूल, दक्षिणेला उतरणार असाल तर उडवलवेला जा. तिथलं राष्ट्रीय उद्यान ३०८ चौरस किलोमीटर, हत्ती वर्षभर दिसतात, ऑगस्टच पाहिजे असं नाही. आणि शेजारी १९९५ पासून अनाथ पिल्लांचं केंद्र आहे, तिथे पिल्लांना दूध पाजताना लांबून, कठड्यामागून बघता येतं, हात लावू देत नाहीत. कारण पिल्लं मोठी झाली की जंगलात सोडायची असतात, माणसाची सवय लागायला नको. मुलांना हे फार आवडतं, दुधासाठी पिल्लं अशी पळत येतात की विचारू नका.

कारवारी

ज्यांना श्रीलंका जमणार नाही त्यांनी मार्च ते मे मध्ये कबिनीला जा. नागरहोळेच्या दक्षिण टोकाला कबिनी धरणाचं पाणी मागे सरकलं की असंच गवत उगवतं आणि नागरहोळे-बंदीपूरचे हत्ती तिथे उतरतात. तत्त्व तेच, धरणाचं आटलेलं पाणी. नागरहोळे ६४३ चौरस किलोमीटर आहे, लहान नाही, पण हत्ती बघायचे तर तुम्ही पाण्याकाठीच असता. बोटीतून बघितलं तर इंजिन बंद करायला सांगता येतं, हे केतकी यांनी लिहिलंय ते तिथेही लागू.

निवृत्त_मास्तर

कोलंबोकर आणि केतकी, दोघांचे आभार. मी आणि सौ. सप्टेंबरमध्ये जायचं ठरवतोय. स्टूल मागायचं लक्षात ठेवीन.

केतकी_वाई

मास्तर, जरूर जा आणि आल्यावर इथे लिहा, पाण्याची पातळी कशी होती ते पण, पुढच्यांना उपयोग होईल.

तिलारीकर, तुम्हाला उत्तर द्यायला वेळ लावला कारण तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मामाला फोन लावला आणि तुमच्या केळीचं सांगितलं, आणि मग मिनेरियाचं, ते पिल्लू, ती जुडी झटकणं, सगळं, अर्धा तास. मामा ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "मग तिकडं रात्री राखणीला कोण बसतं?" आईने मला विचारलं, मी कोलंबोकरांचं कुंपणाचं सांगितलं, तर मामा म्हणाला ते लिहून पाठव, ग्रामपंचायतीत दाखवतो. म्हणून कोलंबोकर, जमलं तर त्या गावांतल्या कुंपणाचे फोटो इथे टाकाल का, खांब किती अंतरावर आहेत, तार किती उंचीवर, एवढं दिसलं तरी पुरे. त्याचा ऊस आहे, दरवर्षी तोडणी होते, त्यामुळे हंगामापुरतं कुंपण त्याला बसू शकेल असं त्याला वाटतंय.

कोलंबोकर

नक्की. पुढच्या महिन्यात अनुराधापूरच्या बाजूला काम आहे, वाटेत थांबून मोजूनच आणतो.

तिलारीकर

मामांना माझा नमस्कार सांगा. आणि एक सांगा, यंदा परत नुकसान झालं तर ऊस हलवायच्या आधी फोटो काढून ठेवा, पावलांच्या ठशाशेजारी हाताची वीत धरून, आणि भरपाईचा अर्ज दोन-तीन दिवसांच्या आत द्या, पुढे गेला तर पंचनामा अडतो. माझा पहिला त्यामुळेच गेला होता.